काहून आणि कवा

आमच्या वऱ्हाडात ‘का’ या प्रश्नाला ‘काहून’ म्हणतात. हा शब्द आमच्या तोंडी असा बसला आहे, की कुणाचे पोट दुखो, कुणाची सोयरीक मोडो, नाही तर कपाशीचे पान लाल पडो, पहिला उद्गार निघायचा तो ‘काहून?’ आणि गंमत अशी, की हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात त्याचे उत्तरही बहुधा तयार असते. बंद पडलेल्या मोटारीभोवती तर अशा उत्तरांची जत्राच भरते. पानवाला म्हणतो, “पेट्रोलमध्ये पाणी.” त्याचे गिऱ्हाईक म्हणते, “प्लग गेले.” सायकलवरून उतरलेला एखादा वृद्ध गृहस्थ म्हणतो, “गाडीचे वय झाले.” यांपैकी शेवटचे उत्तर खोडून काढणे सर्वांत कठीण, कारण ते खरे असते आणि निरुपयोगीही असते.

आमच्या गाडीचे वय झालेच आहे. मारुतीची ही लहानशी व्हॅन प्रथम १९८४ साली रस्त्यावर आली, पुढे तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले, आणि २०१९ साली तिची निर्मिती थांबली. आमची गाडी १९९६ सालची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. तिचे तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. त्यामुळे वैशाखात चालकाला आपण चुलीवर बसलो आहोत असा भास होतो. इंजिनाची शक्ती क्लच, गिअरपेटी आणि लांब दांडा यांतून मागच्या चाकांना पोचते. म्हणजे आगीपासून चाकापर्यंत पुष्कळ हातांनी हा निरोप द्यायचा असतो, आणि त्यातला कोणताही हात ढिला पडू शकतो.

“भंगारात काढा,” असे सांगणारे आप्तेष्ट आम्हाला भरपूर आहेत. पण या गाडीचे मागचे दार बाजूला सरकते आणि पायरी बुटकी आहे. माझ्या वडिलांच्या गुडघ्यांना एस.टी.ची पायरी आता चढवत नाही. दारव्ह्याच्या बाजूच्या आमच्या गावाहून त्यांना दर महिन्याला यवतमाळला तपासणीसाठी न्यावे लागते. दारव्ह्यापासूनच ते अंतर सुमारे ४० किलोमीटर. या गाडीत ते कोणाचाही हात न धरता बसतात. ही गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखविली नाही, पण बसताना ते माझ्याकडे एकदा पाहतात, त्यात ती असते.

तीच गाडी गेल्या वर्षी थांबली की बंद पडू लागली. यवतमाळच्या दत्त चौकात ती पडली, दारव्ह्याच्या बाजारात पडली. भरीस भर म्हणून रिव्हर्स गिअर टाकताना अशी करकर करी, की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहत. एका गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून धुतला आणि गिअरपेटी उतरवावी लागेल असे सांगून ठेवले. दोन्ही ठिकाणी पैसे गेले. दोष मात्र होता तिथेच राहिला. मग एके दिवशी वडील म्हणाले, “आता मी नाई येत यवतमाळले. मांगचे लोक हारन वाजवतात, तू घामाघूम होतं. मले बरं नाई वाटत.” मोटारीचा बिघाड हा माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरतो, ते मला त्या वाक्याने कळले.

शेवटी एका वयस्क मिस्त्रीला घरी बोलावले. त्याने इंजिनाला हातही लावला नाही. ओसरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, “गुर्जी, गाडी काहून बंद पडते थे मी पाहीन. तुमी फक्त कवा बंद पडते थे सांगा.”

या एका ‘कवा’त किती विद्या भरलेली आहे! सकाळी इंजिन थंड असताना पडत असेल आणि चोक ओढताच सावरत असेल, तर त्याला सुरुवातीला लागते तेवढे दाट मिश्रण मिळत नाही. भर उन्हात तासभर चालून पडत असेल आणि अर्धा तास सावलीत विसावल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर नळीतल्या पेट्रोलची वाफ झाल्याचा संभव असतो. पंपाला पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवणारा मिस्त्री अडाणी नसतो. मात्र तापलेली इग्निशन कॉइलही असाच दगा देते, म्हणून आधी प्लगला ठिणगी येते का ते पाहायचे. ठिणगी असेल तर पेट्रोलचा माग काढायचा, नसेल तर विजेचा. पडण्याची रीतही बोलकी असते. पेट्रोल तुटले, तर गाडी आचके देत, अडखळत थांबते. वीज तुटली, तर दिवा विझावा तशी एकदम.

गिअरचेही तसेच. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र चढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. त्याची परीक्षा मोकळ्या जागी घ्यायची: हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडले, तर क्लच धडधाकट! बंद पडणे हेच निरोगीपणाचे लक्षण ठरावे, अशी दुसरी परीक्षा मला तरी माहीत नाही.

मिस्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी तोंड उघडणार, तोच खाटेवरून वडील म्हणाले, “फाटकापाशी न्यूट्रलमंदी उभी असली का नाई पडत. गिअरमंदी ठेवून, क्लच दाबून उभी केली का पडते.”

मिस्त्रीने कप खाली ठेवला. वडिलांचे बालपण दारव्ह्यावरून धावणाऱ्या ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या गाडीच्या सोबतीने गेले. तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत चालले. आता ती गाडीच बंद आहे. चाकांचा आवाज ऐकून वेळ आणि वेग ओळखण्याची सवय त्यांना तेव्हाची. मागच्या आसनावर गप्प बसून ते माझ्या पायांकडेही लक्ष ठेवीत असतील, याची मला कल्पना नव्हती.

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. न्यूट्रलमध्ये इंजिन खुशाल घुमत राहिले. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला आणि ब्रेक धरला, तसे ते कण्हले आणि विझले. इंजिन बंद असताना रिव्हर्स गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. चालू असताना तीच करकर. म्हणजे पेटी निर्दोष होती. क्लचच्या केबलचे पदर टोकाशी तुटून ती सैल पडली होती. पाय तळाला टेकला तरी प्लेट पुरती सुटत नव्हती, आणि चाके थांबली की ती इंजिनालाही थांबवीत होती. एक आजार इंजिनाचा आणि दुसरा गिअरपेटीचा, असे जे सर्वांना वाटत होते, ते एकाच तारेचे दुखणे निघाले. नवी केबल पडली, आणि दोन्ही तक्रारी एकदमच गेल्या.

त्या दिवसापासून गाडीत एक रेघी वही आहे. तीत तारीख, जागा, ऊन की गारवा, कोणता गिअर, एवढेच लिहायचे. कारण लिहायचे नाही. वही वडिलांच्या ताब्यात असते. ते पुन्हा दर महिन्याला यवतमाळला येतात. गेल्या खेपेस दत्त चौकात आम्ही उभे होतो, इंजिन शांतपणे चालले होते, आणि मागून त्यांनी मला विचारले, “या दाराची खडखड कवापासून हाये रे?”

मी सांगण्यापूर्वीच वहीचे पान उलटल्याचा आवाज आला.