नाशकातली बुलगोगी

नातीला कोरियन मालिकांचं वेड. त्यात माणसं सारखी जेवतच असतात! सुट्टीत आली नि म्हणाली, "आजी, बुलगोगी करू या." 'बुल' म्हणजे आग, 'गोगी' म्हणजे मांस. मूळ पदार्थ गोमांसाचा. आपल्या राज्यात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल कापायलाही बंदी आहे. म्हशीचं मिळतं, पण ते आमच्या घरात कधी आलं नाही. म्हटलं, मटणाची करू.

खरं तर हे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, घरात मटण शिजलंच नव्हतं. नातीला ते बोलले नाही.

मटण फ्रीजरमध्ये थोडं कडक केलं की पातळ काप निघतात. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल लावून मुरवायचं. मऊपणासाठी कोरियात नासपती किसून घालतात. मी आपली कच्ची पपई घातली. (बेतानंच हं, फार वेळ ठेवली तर लगदा होतो.) मग तापल्या लोखंडी तव्यावर भराभर परतलं.

घरभर वास सुटला. मी भाकरीशी खाल्लं, तिनं भाताशी.

"आजोबांना आवडलं असतं?"

"काळा मसाला कुठाय, असं विचारलं असतं त्यांनी," मी म्हटलं.