मंडपेश्वरच्या डोंगरावर ‘आपण’ कोण?

आठवीतल्या भाच्याला शाळेतून प्रकल्प मिळाला : आपल्या परिसरातलं ऐतिहासिक ठिकाण. त्याला किल्ला हवा होता. मी म्हटलं, मंडपेश्वरला जाऊ. बोरिवलीतच आहे, मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं.

एका लहानशा डोंगराच्या पोटात शंकराचं लेणं आहे, साधारण सहाव्या शतकातलं. जाड खांब, आत पिंड, बाजूला झिजलेला तरी डौलदार नटराज. आजही तिथं पूजा होते. डोंगराच्या माथ्यावर मात्र छप्पर उडालेल्या दगडी भिंती आणि कमानी उभ्या आहेत. तो फ्रान्सिस्कन साधूंचा मठ. सोळाव्या शतकाच्या मध्यात आंतोनियो द पोर्तो नावाच्या पाद्रीने हे लेणं ताब्यात घेऊन त्याचं प्रार्थनाघर केलं. वर चर्च बांधलं, ख्रिस्ती झालेल्या मुलांसाठी शाळा काढली. लेण्यात एका ठिकाणी जुनं शिल्प तासून त्यावर कोरलेला क्रूस अजून दिसतो.

भाचा त्या क्रूसासमोर बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “मामू, इथं आपण नव्हतो ना?”

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. इतिहासाच्या तासानंतर वर्गातला एक मुलगा त्याला म्हणाला होता, “तुम्ही लोकांनी आमची देवळं फोडली.” त्यावर काय बोलायचं ते याला सुचलं नव्हतं.

खरं सांगतो, माझ्या तोंडावर “नाही रे, इथं आपण नव्हतो” हेच आलं होतं. सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेची लाज वाटली. एक तर ते पूर्ण खरं नव्हतं. वसई आणि हा साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती दिला तो गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने, 1534 च्या तहात. हुमायूनशी लढायचं होतं म्हणून. म्हणजे एका मुसलमान बादशहाच्या भीतीने दुसऱ्या मुसलमान बादशहाने ख्रिस्ती राजाला दिलेली ही जमीन. इथल्या शेतकऱ्याला, कोळ्याला कोणी विचारलं नव्हतं.

पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, साष्टीतलं पोर्तुगीज राज्य संपलं, मठ ओस पडला. 1774 मध्ये इंग्रज आले. मालक बदलत गेले.

खाली उतरलो तर आयसी कॉलनीच्या वाटेवर एक ख्रिस्ती आजी भेटली. “कुठून आलास रे बाला?” तिने भाच्याला विचारलं. मराठीतच. ही ईस्ट इंडियन मंडळी इथलीच, धर्म बदलला तरी बोली आणि शेत न सोडलेली. ‘ईस्ट इंडियन’ हे नावसुद्धा 1887 चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. त्या आजीकडून नटराजाच्या बाजूच्या क्रूसाचा जाब कोण मागणार? आणि कशासाठी?

तिथून एकसरला गेलो. तिथले वीरगळ शिलाहार काळातले मानले जातात. त्यांच्यावर वल्ही मारणाऱ्या नावा कोरल्या आहेत, समुद्रावरची लढाई आहे. त्यात मेलेले कोण, मारणारे कोण, आज कोणी त्यावरून भांडत नाही. भाच्याने तेवढ्या नावांचं चित्र मात्र मन लावून काढलं.

परतताना मेट्रोत मी त्याला म्हटलं, “देऊळ बळकावलं गेलं हे लिही. कोणी बळकावलं, तेही नाव घेऊन लिही. लपवू नकोस. पण ‘आपण’ आणि ‘त्यांनी’ हे शब्द लिहू नकोस. आंतोनियो लिही, बहादूरशहा लिही, चिमाजी अप्पा लिही.”

“आणि त्या मुलाला काय सांगू?”

“त्याला मंडपेश्वर दाखवायला घेऊन ये. मी येतो सोबत.”

तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला : “मामू, तो रविवारी येतो म्हणाला. आईला सांग ना, त्याच्यासाठी पण डबा दे.”