आमच्या डॉक्टरांनी करार सोडला

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात आणि त्यांच्या दवाखान्याला सर्जरी. आमच्या ह्यांना बीपी आणि मधुमेह, त्यामुळे आमचं सर्जरीत येणंजाणं नेहमीचं. एक दिवस पत्र आलं. दोन्ही भागीदार डॉक्टर सहा महिन्यांनी एनएचएसशी, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेशी, असलेला करार सोडणार होते. एक निवृत्त होत होते आणि दुसऱ्यांना एकट्याने सर्जरी चालवणं झेपणार नव्हतं.

पत्र वाचून मी घाबरले. रिसेप्शनवर विचारलं, तर त्यांनाही पत्रापलीकडे काही माहीत नव्हतं. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, "आत्ताच दुसरीकडे नाव घाला, नाहीतर जागा मिळणार नाही." बरेच जण तसं करत होते. मी थांबले, कारण सर्जरीच्या रुग्णांच्या गटाची बैठक जवळ आली होती. असा गट ठेवणं 2015 पासून सर्जरीच्या करारातच आहे. आमचा गट वाचनालयात जमायचा.

त्या बैठकीला आयसीबीच्या बाई आल्या होत्या. आयसीबी म्हणजे इंटिग्रेटेड केअर बोर्ड, आपल्या भागातली आरोग्यसेवा ठरवणारं मंडळ. ही मंडळं 2022 मध्ये सुरू झाली. बाईंनी नीट समजावून सांगितलं. एनएचएस 1948 मध्ये सुरू झाली, पण बहुतेक सर्जऱ्या सरकारच्या मालकीच्या कधीच नव्हत्या. डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात. ते एनएचएसशी करार करतात आणि मुख्यतः नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवर त्यांना पैसे मिळतात. डॉक्टर करार सोडू शकतात. पण रुग्णांना जीपी मिळेल हे पाहणं आयसीबीचं काम. त्यासाठी मंडळ नवा चालक शोधतं, शेजारच्या सर्जरीत विलीनीकरण करतं किंवा रुग्णांना आसपासच्या सर्जऱ्यांमध्ये पाठवतं. निर्णय होईपर्यंत आपलं नाव होतं तिथेच राहतं. हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली.

आमच्याकडे तात्पुरता करार देऊन दुसऱ्या एका संस्थेला आणलं. खरा त्रास तेव्हा सुरू झाला. दर वेळी नवा डॉक्टर. सकाळी आठला फोन लावावा, तर रांगेतच वेळ जायचा. ह्यांची रक्ततपासणी राहून गेली. मग बीपीच्या गोळ्यांची मागणी कुठेतरी अडकली आणि शुक्रवारी संध्याकाळी डबी रिकामी झाली.

एनएचएसच्या 111 या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी जवळच्या फार्मसीकडे पाठवलं आणि फार्मासिस्टने तपासून तातडीच्या गोळ्या दिल्या. ही सोय आहे हे कळलं नसतं, तर शनिवार-रविवार आम्ही इमर्जन्सीत बसून काढला असता.

मग तक्रार केली. ती कुठे करायची हे मात्र आधी समजून घ्यावं लागतं. सर्जऱ्यांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन करतं आणि त्यांना 'उत्कृष्ट'पासून 'अपुरी'पर्यंत दर्जा देतं. आपण सांगितलेलं ते तपासणीत विचारात घेतं, पण एकेकट्या रुग्णाची तक्रार सोडवत नाही. तक्रार सर्जरीकडे किंवा आयसीबीकडे करायची, दोन्हीकडे नाही. तक्रार करायची मुदत साधारण बारा महिन्यांची. पोच तीन कामाच्या दिवसांत यायला हवी. उत्तराने समाधान झालं नाही, तर पुढे ओम्बड्समन, म्हणजे तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी.

मी आयसीबीकडे लिहिलं, कारण तात्पुरता करार त्यांनीच दिला होता. राग बाजूला ठेवून फक्त तारखा, कोणाशी काय बोलणं झालं आणि कोणती तपासणी राहिली एवढंच लिहिलं. उत्तरात माफी होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दीर्घ आजाराच्या रुग्णांच्या राहिलेल्या तपासण्यांची यादी करायला सर्जरीला सांगण्यात आलं. ह्यांना त्या यादीतूनच बोलावणं आलं. पुढे शेजारच्या गावातल्या सर्जरीने आमची सर्जरी चालवायला घेतली आणि घडी हळूहळू बसली.

असं पत्र तुमच्याकडे आलं, तर घाईने नाव काढू नका. एनएचएस ॲपमधून औषधांची यादी आणि तपासण्यांचे निकाल काढून ठेवा. रुग्णालयाकडे चिठ्ठी गेलेली असेल, तर ती पोहोचली का हे फोन करून विचारा. नेहमीच्या गोळ्या आठवडाभर आधी मागवा. दुसरीकडे नाव घालावंच लागलं आणि पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा मागितला, तर शांतपणे सांगा की तेवढ्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. आणि बैठकीला जा. आम्हाला खरी माहिती तिथेच मिळाली.