एक गाडी मुंबईला, एक नागपूरला

भुसावळ जंक्शनवरून मुंबई साधारण ४४० किलोमीटर आणि नागपूर साधारण ३९०. रात्री जेवून गाडीत बसायचे आणि सकाळी उतरायचे, मग तोंड पश्चिमेला असो की पूर्वेला. त्यामुळे आमच्या गावात दोन्ही शहरांना जाणारे सारखेच भेटतात. कुणाचा भाऊ कल्याणला, तर कुणाची बहीण इंदोऱ्यात. माझ्या भाचीच्या बाबतीत मात्र याच सोयीने पेच पडला.

बारावीनंतर 'नीट' परीक्षेत तिला जे गुण पडले, त्यात एम.बी.बी.एस. बसत नव्हते. शासकीय दंत महाविद्यालय मिळेल अशी आशा होती. बी.डी.एस.ची चार वर्षे आणि वर्षभराची इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षांचा मामला. पसंतीक्रम भरायचा होता आणि पहिल्या ओळीवरच घरात एकमत होईना. भाची म्हणे मुंबई. ताई म्हणे नागपूर. दाजी रेल्वेच्या कारखान्यातले, गालात सुपारी धरून गप्प. वस्तीतला जो येई तो आपला सल्ला ठेवून जाई. शेवटी मी म्हटले, दाजींना रेल्वेचा पास आहे, माझे तिकीट मी काढतो, दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहून येऊ.

वाचकहो, अशी निवड करायला मिळणे हेच आमच्या भागाला नवीन आहे. पूर्वी वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याचे तीन भाग होते : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के सगळ्या राज्याला. भुसावळ 'उर्वरित'मध्ये आणि तासाभराच्या आत असलेले मलकापूर विदर्भात. म्हणजे मलकापूरच्या मुलाला नागपूरचे दार उघडे आणि आमच्या मुलाला किलकिले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही ७०-३० ची वाटणी रद्द केली. आता सगळ्या राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते.

दुसरी गोष्ट पदवीची. मुंबईची पदवी भारी आणि नागपूरची हलकी, असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्यात अर्थ नाही. दोन्ही कॉलेजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. अभ्यासक्रम एक, विद्यापीठाची परीक्षा एक, आणि शेवटी नोंदणी होते तीही एकाच राज्य दंत परिषदेत. दवाखान्याच्या पाटीवर कॉलेजचे नाव कुणी वाचत नाही. (राज्यात तिसरे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि मुंबईत महापालिकेचे नायरही आहे. ती नावे आम्ही खाली लिहिलीच. संभाजीनगर रस्त्याने जवळ, पण आमच्या घराचा सगळा प्रवास रेल्वेच्या पासावर चालतो आणि रेल्वेने तिकडे जायचे तर वळसा पडतो.)

आधी मुंबई. मेल गाड्यांच्या फलाटावर उतरून पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलो की पी. डिमेलो रस्ता लागतो. हे डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी, हे मी भाचीला सांगितले. एखाद्या मोठ्या रस्त्याला हमालांच्या पुढाऱ्याचे नाव असावे याचे मला फार बरे वाटते. तिथेच सेंट जॉर्ज हॉस्पिटलचे आवार आहे आणि त्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. इंग्रजांनी अठराव्या शतकात बांधलेल्या जॉर्ज किल्ल्याचा एक जुना तुकडा अजून त्या आवारात उभा आहे. बॅग घेऊन उतरलेला माणूस रिक्षा-टॅक्सी न करता पायी कॉलेजात पोहोचतो, अशी जागा राज्यात दुसरी नसेल.

केसपेपरच्या रांगेत सगळी मुंबई उभी होती. एक गोदीतला हमाल, त्याच्या मागे साडीचा पदर तोंडाला लावलेली भाजीवाली, तिच्या मागे कुठल्याशा कार्यालयातला टाय लावलेला तरुण. पांढरे कोट घातलेली मुले-मुली लगबगीने जात होती. भाची त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. एका इंटर्न मुलीला धीर करून विचारले, तर ती थांबून बोलली. म्हणाली, "पहिली दोन वर्षे मेणाचे दात कोरायचे आणि प्लॅस्टरमध्ये हात पांढरे करायचे. पेशंट हातात येतो तो तिसऱ्या वर्षापासून. मग इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या, असा कोटा पुरा करावा लागतो. पेशंट कमी असले की मुलांचे हाल होतात. इथे ती चिंता नाही." दंतवैद्यकाचे हे मला नव्याने कळले. डॉक्टर पुस्तकाने होतो असे आपण समजतो. दातांचा डॉक्टर हाताने होतो, आणि हाताला पेशंट लागतात.

तिथून चालत दादाभाई नौरोजी रस्त्यावर गेलो. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय तिथल्या इमारतीत आहे. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या किती मुलांचे पाय त्या जिन्याला लागले असतील. भाची म्हणाली, "मामा, इथेच राहायचं मला." तिचे चुकीचे नव्हते. मुंबई माणसाला धीट करते. बोलायला शिकवते.

पण राहायचे कुठे? वसतिगृहाची खोली मिळाली तर प्रश्नच नाही. पण घराने ती न मिळाल्याचा हिशेब आधी मांडावा. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. त्यात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले. त्यातले भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि बाकी निर्वाहाचे ८,०००. आता गंमत पाहा. मुंबईला ६०,००० आणि नागपूरलाही ६०,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये. एवढ्यात फोर्टमध्ये चपला ठेवायला जागा मिळणार नाही. नागपुरात दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर थोडी भर घालून भागू शकते. कागदावर दोन्ही शहरे सारखी, पण घरून घालायची भर सारखी नाही. त्यात शिष्यवृत्तीचे पैसे हाती पडेपर्यंत सुरुवातीचा खर्च घरूनच करावा लागतो. दातांच्या शिक्षणाला नुसती वह्या-पुस्तके पुरत नाहीत. मेण कोरायच्या सुऱ्या, साचे, सरावाचा जबडा, दात कोरायच्या यंत्राचा हँडपीस अशी स्वतःची हत्यारे घ्यावी लागतात. गवंड्याला थापी लागते तसे.

दाजींचा भाऊ कल्याणला राहतो. त्यांच्याकडे राहावे असेही बोलणे झाले. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आधीच आहेत आणि काकू मनाने मोठी आहे, म्हणूनच तिच्यावर पाच वर्षांचे ओझे टाकू नये असे मला वाटले. गर्दीच्या गाडीत रोज तीन तास उभी राहिलेली मुलगी रात्री शरीररचनेचे पुस्तक उघडणार कधी? मी हे बोललो तेव्हा भाची रुसली. परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलले नाही.

चार दिवसांनी नागपूर. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला कॉलेजचे पूर्ण नाव सांगितले तर तो म्हणाला, "मेडिकलला सोडतो, तिथं डेंटल आहे." नागपूरकरांना दोनच शब्द माहीत, मेडिकल आणि मेयो. शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या आवारात, हनुमाननगरच्या बाजूला. अजनी स्टेशन त्याहून जवळ. आवार मोठे, झाडे मोठी, आणि बाहेर चौकात गावाकडून आलेल्या नातेवाइकांचे डबे, चादरी, पाण्याच्या बाटल्या. मुंबईपेक्षा जागा निम्म्याच्या आसपास, पण पेशंटला तोटा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, सगळा मुलूख इथे येतो.

आणि हा मुलूख काय घेऊन येतो ते पाहायला हवे. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडलेले. दुसरा प्रकार खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटून खर्रा करतात. नागपुरात पानठेल्यावर तो घोटण्याचा आवाज दिवसभर चालू असतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली झाली, पण खर्ऱ्याला पाकीट लागत नाही की कंपनी लागत नाही. सुपारीने गालाच्या आतले कातडे हळूहळू दोरीसारखे ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून पुढे काहींना कॅन्सर होतो.

रांगेतल्या बाकावर एक विशीतला मुलगा होता. ट्रॅक्टरवर कामाला जातो म्हणाला. भाकरीचा तुकडा तोंडात जात नाही, वरण-भात पातळ करून खातो. आत एका विद्यार्थिनीने त्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाच्या तोंडात ती साधारण जातात. त्याचे एकच गेले. भाची दारातून हे पाहत होती. ती वळली आणि दाजींना म्हणाली, "पप्पा, तुम्ही घाला बरं."

दाजी हसले. "मला काय झालंय?" मुलीने पुन्हा म्हटले, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहून बोटे तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरे जाईना. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून वीस वर्षे सुपारी खाल्लेला माणूस. कारखान्यात त्यांच्या टोळीत दहापैकी आठजण खातात, हे ते स्वतःच कधीतरी अभिमानाने सांगत. मी काही बोललो नाही. भाचीने रांगेत जाऊन त्यांच्या नावाचा केसपेपर काढला.

दुपारी आम्ही दीक्षाभूमीवर गेलो, तिथून ती फार दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या त्या मैदानावर आमचे आजोबा भुसावळहून गेले होते, असे घरात सांगतात. ताईला नागपूर हवे होते त्यात हेही एक कारण होते. मी तिला आधीच सांगितले होते की दीक्षाभूमी जवळ आहे म्हणून कॉलेज निवडू नये. वंदनेला वर्षातून एकदा जाता येते, कॉलेजात रोज जायचे असते. मावशीचे घर इंदोऱ्यात आहे, सुट्टीचे जेवण मिळेल, आजारपणात कुणी विचारायला येईल, हे कारण मला जास्त पटले.

स्तूपाच्या बाहेर पायऱ्यांवर बसून भाचीने वही काढली. मी वाटच पाहत होतो की आता पुन्हा मुंबईची बाजू मांडणार. तिने विचारले, "मामा, मी दवाखाना कुठं टाकीन?" मी म्हटले, "तू सांग." ती म्हणाली, "भुसावळला. मग माझ्याकडं येणार ते पप्पांसारखेच की. त्यांची तोंडं मला इथं शिकायला मिळतील." मुंबईतही असे पेशंट येतात, टाटा हॉस्पिटल त्याच शहरात आहे, हे मी तिला सांगितले. मुंबईतली धडाडी आणि ओळखी नागपुरात सहज मिळणार नाहीत हेही सांगितले. पुढे एम.डी.एस. करायचे मनात आले तर मुंबई पुन्हा आहेच, असे ती म्हणाली. पहिल्या ओळीवर तिने नागपूर लिहिले, दुसऱ्या ओळीवर मुंबई. मला स्वतःला विचाराल तर मुंबईत हॉस्टेलची खोली पक्की असती, तर मी मुंबईकडे झुकलो असतो. पण पाच वर्षे तिला काढायची होती.

यादीत तिचे नाव नागपूरला लागले.

प्रवेशाच्या वेळी सगळ्यात जास्त घाम फुटला तो कागदांनी. जातीचा दाखला सर्वांकडे असतो, पण जात वैधता प्रमाणपत्र वेगळे असते आणि ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळवायला महिने लागू शकतात. वडिलांचे किंवा सख्ख्या काका-आत्याचे वैधता प्रमाणपत्र असले तर काम सोपे होते. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जावे लागते. ज्यांची मुले अकरावीत आहेत त्यांनी अर्ज आत्ताच करावा, निकालाची वाट पाहू नये. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, त्यामुळे शासकीय कॉलेजातल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठीही आपल्या मुलांना त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो. तो अर्ज राज्याच्या अर्जाहून वेगळा, दिल्लीच्या समितीकडे करायचा असतो. पुष्कळ घरांत हे माहीत नसते.

आता भाची पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा पिशवीतून मेणाच्या कांड्या आणि सुऱ्या घेऊन आली आणि ओसरीवर बसून दाढ कोरत होती. शेजारची पोरे भोवती जमली. दाजींची सुपारी बंद आहे. तोंड उघडण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना व्यायाम दिला आहे : आईसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये धरायच्या, आणि हळूहळू एकेक वाढवायची. काड्या मोजण्याचे काम ताईकडे आहे. पावसाळ्यात अठरावर अडले होते, आता एकवीस जातात.