सव्वीस दिवसांची अकरावी

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ गेल्या महिन्यात आपल्या आठवीतल्या मुलाला सोबत घेऊन माझ्याकडे आले आणि एका खासगी शिकवणीवर्गाचे गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक माझ्यापुढे ठेवून, मुलाला याच वर्षी ‘फाउंडेशन’ला घालावे की दहावी होईपर्यंत थांबावे, असे त्यांनी विचारले. माझी नात डॉक्टर झाल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. जणू काही परीक्षा मीच दिली होती. वस्तुतः मी उभा जन्म मामलेदार कचेरीत कारकुनी केली आणि जीवशास्त्राशी माझा संबंध सात-बाराच्या उताऱ्यातील पिकांच्या नावांपलीकडे कधी गेला नाही. तथापि आलेल्याला विन्मुख पाठवू नये म्हणून काहीतरी सांगावे लागते. त्या दिवशी मात्र तोंडून निघून गेले, “तयारी केव्हा सुरू करायची ते मग पाहू. परीक्षा कोणती होणार, ते आधी विचारून घ्या.” गृहस्थ हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मला मात्र 2016 सालचा वैशाख आठवला आणि इतक्या वर्षांनंतरही अंगाची तलखी झाली.

आम्ही उदगीरकडचे. नात अकरावी-बारावीला लातुरात, आणि तिला मेसचे अन्न सोसत नाही म्हणून मी आणि तिची आजी दोन वर्षे तेथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. अशी बिऱ्हाडे त्या शहरात शेकड्यांनी आढळतात, त्याचे नवल करण्याचे कारण नाही. त्या काळी वैद्यकीय प्रवेशासाठीची राज्याची सीईटी केवळ बारावीच्या पुस्तकांवर होत असे आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नसत. त्यामुळे अकरावी हे दहावीच्या श्रमांनंतरचे विश्रांतीचे वर्ष, असा सार्वत्रिक समज होता. आमच्या नातीनेही ते वर्ष तसेच घालवले आणि बारावीला लागताच अकरावीची पुस्तके रद्दीत गेली. ती मीच स्वहस्ते तागडीत टाकली होती.

त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले होते. पाणवठ्यांवर आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लागू झालेला. पाचांहून अधिक माणसांनी पाण्यासाठी एकत्र जमू नये, असे फर्मान वाचण्याचा प्रसंग माझ्या नोकरीच्या काळात तरी आला नव्हता. 11 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोचली. आम्ही सारे त्या गाडीच्या कौतुकात असताना, त्याच 11 तारखेला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने, देशभर एकच ‘नीट’ परीक्षा घेण्यास मोडता घालणारा आपला 2013 सालचा निकाल मागे घेतला होता, ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मी वाचली आणि उलटून टाकली. हा आपल्या घरावर निघालेला हुकूम आहे, हे मजसारख्या दप्तरात मुरलेल्या माणसालाही कळले नाही.

28 एप्रिल, गुरुवार. सीईटी पुढच्या गुरुवारी, म्हणजे 5 मे रोजी व्हायची होती. संध्याकाळी मी घागरी घेऊन रांगेत असताना नात चपला न घालताच धावत आली. “आबा, सीईटी गेली म्हणायलेत. नीटच होणार म्हणे, औंदाच.” मी तिला वेड्यात काढले. आठ दिवसांवर आलेली परीक्षा कोणी बदलत असते काय? परंतु ते खरे होते. रविवारी, 1 मे रोजी, व्हायची केंद्राची परीक्षा हाच नीटचा पहिला टप्पा धरला जाणार होता, आणि ज्यांनी तिचा अर्ज भरला नव्हता त्यांच्यासाठी दुसरा टप्पा 24 जुलैला. अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम, 180 प्रश्न, 720 गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकल्यास एक वजा. जी मुले दोन वर्षे एका आखाड्याची माती अंगाला लावत होती, त्यांना ऐन कुस्तीच्या वेळी पोहायला उतरा म्हणून सांगण्यात आले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण माझा राग परीक्षेवर कधीच नव्हता. आमच्या महसूल खात्यात एखादा नियम फिरवायचा असला तर हुकुमाच्या शेवटी ‘पुढील महसुली सालापासून अंमल व्हावा’ असे शब्द येत, आणि महसुली साल 1 ऑगस्टला सुरू होते, हे खेड्यातल्या कोतवालालाही ठाऊक असे. पीक उभे असताना आकार बदलत नसत. जुलमी म्हणून ज्या निजामी अमलाला आपण नावे ठेवतो, त्या अमलातील दप्तरेही मी चाळलेली आहेत. कज्जा कितीही मोठा असो, रयतेला मुदत दिल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये, एवढी जाणीव त्या मोडीतल्या पानांतही दिसते. आणि येथे, न्यायदानाच्या सर्वश्रेष्ठ पीठासमोर, ज्यांनी अठरा वर्षेही पुरी केली नाहीत अशा लक्षावधी मुलांची बाजू मांडायला त्यांच्यातले कोणी उभे असल्याचे त्या दिवशी तरी ऐकिवात आले नाही. सरकारे, महाविद्यालये आणि संस्थाचालक यांचे वकील मात्र होते.

5 मेच्या सकाळी मी नातीला परीक्षाकेंद्रावर सोडले. यंदा आपापल्या परीक्षा चालू द्याव्यात, हे राज्यांचे म्हणणे न्यायालयापुढे पडून होते, निर्णय झालेला नव्हता, म्हणून परीक्षा ठरल्याप्रमाणे घेतली गेली. मात्र ती धरली जाईल की नाही, हे प्रश्नपत्रिका वाटणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. उद्या रद्द व्हायच्या स्टँपपेपरावर आज खरेदीखत लिहावे, तशी ती मुले काळ्या पेनाने वर्तुळे भरीत होती. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत आम्ही पालक उभे होतो आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हते. नात बाहेर आली ती प्रसन्न मुद्रेने. पेपर सोपा गेला होता. तिच्या त्या आनंदाचे काय करावे, हे मला समजेना. चारच दिवसांनी, 9 मे रोजी, राज्यांची विनंती फेटाळली गेली आणि तो सोपा गेलेला पेपर कवडीमोलाचा झाला.

पुढच्या दोन दिवसांत शिकवणीवर्गांच्या भिंतींवर नवे फलक लागले. ज्या वर्गाने दोन वर्षांची फी आगाऊ घेऊन ‘संपूर्ण तयारी’ची हमी दिली होती, त्याच्याच चालकांनी जुलैपर्यंतच्या नीटच्या तयारीसाठी वेगळी रक्कम मागितली. मी पावती दाखवून ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा टेबलामागच्या तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, काका, ती सीईटीची संपूर्ण. मी त्याला उत्तर दिले नाही. पैसे भरले. भरले याची लाज अजून वाटते.

नीटसाठी लागणारी एनसीईआरटीची अकरावीची पुस्तके लातुरातल्या एकाही दुकानात शिल्लक नव्हती. अखेरीस नवोदय विद्यालयात शिकलेल्या एका मुलाने आपले जीवशास्त्राचे पुस्तक आणून दिले. समासात पेन्सिलीने बारीक टिपणे, मुखपृष्ठ निखळलेले. आणि मग त्या दोन खोल्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. मुलगी ते पुस्तक पाठ करण्याऐवजी वाचू लागली. ‘वनस्पतींतील परिवहन’ असा अर्थ होईल अशा मथळ्याचा एक धडा त्यात होता. पंप नाही, मोटार नाही, तरी झाड मुळांनी शोषलेले पाणी शेंड्यापर्यंत कसे नेते. पानांतून वाफ होऊन जाणारा प्रत्येक थेंब आपल्यामागच्या थेंबाला कसा वर ओढतो. हे तिने एका रात्री, भरून ठेवलेल्या हंड्याशेजारी बसून, मला आणि तिच्या आजीला समजावून सांगितले. आजी म्हणाली, “मग मिरजेपासून इथवर एक झाडच लावायचं की.” आम्ही तिघेही पुष्कळ दिवसांनी हसलो.

24 मेला राष्ट्रपतींची वटहुकुमावर सही झाली. सरकारी जागांपुरती त्या वर्षी राज्याची परीक्षाच ग्राह्य धरली जाणार होती. जो पेपर मेला होता तो जिवंत झाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. नातीने पुस्तक मिटले आणि ती रडू लागली. मला वाटले, आनंदाने. “आबा, श्वसनाचा धडा अर्धा राहिलाय. आता कशाला वाचू?” सव्वीस दिवस ज्या हुकुमाला मी शिव्याशाप दिले, तो उठल्याबरोबर मला नक्की काय वाटले हे प्रामाणिकपणे सांगायचे तर, हुकूम उठवणाऱ्यांचाही तितकाच राग आला. हे तर्काला धरून नाही, हे मी जाणतो.

त्या साली तिचे सीईटीचे गुण थोडक्यात कमी पडले. पुढचे वर्ष ‘रिपीटर’ म्हणून काढून 7 मे 2017 रोजी तिने नीट दिली आणि ती सरकारी महाविद्यालयात लागली. त्या वर्षापासून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू लागली होती. पण सारे शास्त्र इंग्रजीतून शिकल्यावर ती मराठी घेणार कशी, हा निराळा विषय आहे.

रिपीटरच्या त्या वर्षी तिचा एक दोष माझ्या ध्यानात आला, तो विचारणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो. वजा गुणांच्या भीतीने ती सरावात तीस-पस्तीस प्रश्न कोरे सोडी. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला: चार पर्यायांतून अगदी डोळे मिटून चार प्रश्न सोडवले, तर सरासरीने एक बरोबर येऊन चार मिळतात, तीन चुकून तीन जातात, म्हणजे एक उरतोच. दोन पर्याय निश्चित चूक म्हणून बाद करता आले, तर अशा दर दोन प्रश्नांमागे तीन गुण पदरात पडतात. भीती हिशेबापेक्षा मोठी होती. अर्थात डोळे मिटून सोडवा असा याचा अर्थ कोणी करू नये. नशीब सरासरीने चालत नाही. बाकी सांगण्यासारखे थोडेच. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून पुस्तक ओळीन् ओळ वाचावे, आकृतीखालचा मजकूरही सोडू नये, बारावीत दर रविवारी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी आणि संध्याकाळ चुका शोधण्यात घालवावी, रात्री झोपावे. आठवीतल्या मुलाला यासाठी कोंडणे मला क्रूरपणाचे वाटते. असे मी म्हणतो खरा. परंतु माझा धाकटा नातू यंदा नववीत आहे आणि त्याच्यासाठी मी एका वर्गाची फी विचारून आलो आहे, हे घरात अद्याप कोणाला सांगितलेले नाही.

ते नवोदयच्या मुलाचे पुस्तक माझ्याकडेच राहिले. त्याने परत घेतले नाही. गल्लीतले गृहस्थ आले त्या दिवशी मी ते कपाटातून काढून त्यांच्या मुलाच्या हाती दिले. मुलाने बापाच्या मोबाईलवर काहीतरी पाहिले, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, “आजोबा, यातले काही धडे आता काढून टाकलेत. हा पाण्याचा तर नाहीच.”

मी म्हटले, मग ठेव परत. पण त्याने पान उघडले होते, आणि समासातली पेन्सिलीची टिपणे तो बाप उठून चपला घालेपर्यंत वाचीत राहिला.