जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

रोग्याच्या तोंडाकडे पाहून औषध लिहून देणारा वैद्य आणि धुराकडे पाहून इंजिन उघडावयास सांगणारा कारागीर हे दोघेहि एकाच पंक्तींत बसावयाचे. त्यांचें निदान कधीं कधीं बरोबर निघतें. परंतु तें चुकलें म्हणजे खर्च मात्र घरच्या मंडळींस सोसावा लागतो. जुनी मोटार ज्यांच्या दारीं आहे अशा वाचकांसाठीं आमचा गेल्या पावसाळ्यांतील अनुभव येथें नमूद करितों.

आमच्या तीर्थरूपांनीं 1986 सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्याकडे आहे. फियाटच्या परवान्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांत बनणारी, 1089 सीसी इंजिनाची ही गाडी 1974 सालापासून पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. 2000 च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें आणि 2023 सालीं मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती निवृत्त झाली. गेल्या आषाढांत आमच्या गाडीभोंवतीं पेट्रोलचा वास दरवळूं लागला. वरच्याच खोलींत आमच्या मातुःश्री निजतात. तेव्हां प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं. इंजिन तापलें कीं तेलाच्या टोपणांतून धूर फुसफुसे. एकदां तर तेल पाहण्याची पट्टीच जागेवरून वर उचलली गेली. कारागिरानें घटकाभर कान देऊन निर्णय दिला, "साहेब, इंजिन बसलं. रिंगा गेल्या. बोअर करा, नाहीतर भंगारात द्या." थोरले बंधु विकण्याच्या मताचे, धाकटे बंधु वडिलांची आठवण सोडावयास तयार नाहींत. दोन दिवस पानावरहि कोणी मोकळेपणानें बोललें नाहीं. शेवटीं मातुःश्रीच म्हणाल्या, "अरे, आधी दुखणं कळू दे, मग काय ते ठरवा."

त्यांची आज्ञा प्रमाण मानून गाडी प्रथम ढकलून उघड्यावर नेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत सांचते आणि दूरची ठिणगीहि तिला पुरते. म्हणून ज्या घरीं असा वास येतो, तेथें दुसरें कांहीं करण्यापूर्वीं एवढें करावेंच.

आतां धुराविषयीं. पिस्टनच्या वर जो भडका उडतो, त्यांतील थोडा वायु रिंगांच्या फटींतून खालीं तेलाच्या चेंबरांत उतरतोच. नव्या इंजिनांतहि तो उतरतो. त्यास बाहेर पडण्यासाठीं ब्रीदरची नळी ठेवलेली असते. नळी तुंबली, किंवा वायु फार उतरूं लागला, तर आंत दाब सांचतो आणि सीलांतून, टोपणांतून, पट्टीच्या भोंकांतून तो तेलासह वाट काढतो. म्हणून पहिली परीक्षा फुकटची: नळी काढून पाहणें. आमची नळी काळ्या चिखलानें अर्धीअधिक बुजलेली निघाली. ती धुऊन बसवितांच पट्टी जागेवर राहूं लागली. धूर व वास मात्र उरले.

दुसरी परीक्षा पट्टीची. जुनें इंजिन तेल खातें. त्यामुळें पातळी हळूहळू उतरावयास हवी. आमच्या पट्टीवर ती वरच्या खुणेच्याहि पलीकडे चढली होती, तेल पातळ झालें होतें व त्यास पेट्रोलचा वास होता. पाणी शिरलें असतें तर तेल दुधाळ दिसलें असतें. पेट्रोल तेलांत येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. चोक अडकला किंवा कार्बोरेटरची फ्लोटची सुई झिजली, तर मिश्रण दाट होऊन प्लग काजळतात. एखादा प्लग पेटत नसला, तर त्या सिलिंडरांतील पेट्रोल न जळतां खालीं ओघळतें. तिसरी वाट इंजिनाच्या कुशीस बसविलेल्या पेट्रोल पंपाची. त्याच्या पडद्याच्या एका अंगास पेट्रोल, दुसऱ्या अंगास इंजिनाचें तेल. पडदा फाटला कीं पेट्रोल थेट चेंबरांत! आमचे चारहि प्लग सारखेच विटकरी निघाले. पंप उघडला तों पडद्यास नखाएवढी चीर. अलीकडे पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तेंहि जुन्या रबरास सहसा मानवत नाहीं.

रिंगांचा निर्णय घाईचा कां, तें येथें कळतें. तेलांत मिसळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर पातळ करितें. त्या थराविना चांगल्या रिंगाहि दाब नीट धरीत नाहींत. अशा स्थितींत कॉम्प्रेशन मोजलें तर आंकडा उणाच येणार. शिवाय अशा तेलावर गाडी चालविणें म्हणजे बेअरिंगें झिजविणें. म्हणून पडदा बदलून, तेल नवें घालून, गाडी कांहीं दिवस चालविली आणि मगच कॉम्प्रेशन मोजलें. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, चौथा थोडा उणा. त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजतां आंकडा वर आला. अर्थात् तेथील रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्हचा दोष नाहीं. कारागीर सर्वस्वीं खोटें बोलला नव्हता. इंजिन म्हातारें आहे, पण अंथरुणास खिळलेलें नाहीं.

गाडी ठेवावी कीं विकावी हा प्रश्न आमच्या घरांत अजून सुटलेला नाहीं. परंतु आतां दोघे बंधु एकाच कागदावरील आंकडे पाहून बोलतात. ज्यांच्याकडे अशी वृद्ध मोटार आहे, त्यांनीं महिन्यांतून एकदां सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी व तेलाचा वास घ्यावा. पातळी चढलेली दिसली तर किल्ली फिरवूं नये.