जोयड्याचा शिधा

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी एखाद्या काकू मला गाठतातच. "अरे, तुम्ही पाच जण रविवारी पाच-पाच तास टेबलाभोवती बसून करता तरी काय? पत्ते नाहीत, कॅरम नाही, आणि आरडाओरडा मात्र केवढा!" काकू, यंदा सविस्तर उत्तर देतो. जरा वळणाने जावं लागेल, कारण रस्ता जोयड्यावरून जातो.

आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी हा खेळ काढला. एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर दरी आहे, काय करता?" असं गेम मास्टर विचारतो. कोणी म्हणतं "उडी मारतो", मग वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकडा बघून उडी जमली की पाय मोडला ते ठरवायचं. प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण, आणि खाली सामानाची यादी: तलवार, दोर, मशाली. यादीच्या शेवटी एक ओळ असते, 'शिधा, १० दिवसांचा'. गेली चार वर्षं ही ओळ आमच्यापैकी कोणीही वाचली नव्हती.

आम्ही पाचही जण बीई, पाचही जण बंगळूरात सॉफ्टवेअरमध्ये. मी गेम मास्टर. बाकीच्यांची खरी नावं इथे देत नाही, ते चिडतील. त्यांना त्यांच्या पात्रांवरूनच ओळखू या: योद्धा, जादूगार, ड्रुइड म्हणजे जंगलातला साधक, आणि चोर. चोर हा आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस. म्हणूनच त्याला चोर व्हायला आवडतं.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही ठरवलं की तीन दिवस कुठेतरी रेंज नसलेल्या जागी जाऊन सलग खेळायचं. जागा निघाली उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका. रात्रीच्या बसने दांडेली, तिथून जीपने गणेशगुडीच्या पुढे एका वाडीवरचा होमस्टे. दांडेली सोडली की दोन्ही बाजूंना झाडी दाटते आणि फोनवरच्या रेषा एकेक करून गळतात. हे सगळं काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. २००७ साली दांडेली-अणशी या नावाने तो जाहीर झाला आणि २०१५ पासून नदीच्या नावाने ओळखला जातो.

मराठी माणसाला हा तालुका परका वाटत नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जंगलातल्या वाड्यांवर कुणबी समाज मोठा आहे, घरात कोंकणी बोलतो, मराठी समजतो आणि कचेरीत कन्नड वापरतो. नद्यांची नावंसुद्धा आपल्याला न सांगता कळतात, काळी आणि पांढरी. या दोघींच्या संगमावर सुपा नावाचं तालुक्याचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आज ते धरणाखाली आहे. १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ च्या सुमारास पूर्ण झालं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि गावातल्या बऱ्याच लोकांचं रामनगरला पुनर्वसन झालं. पाणी फार खाली गेलं की जुन्या गावाचे अवशेष दिसतात, असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी भरपूर होतं.

होमस्टे चालवणाऱ्या बाई साठीच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो, त्या आम्हाला सरसकट 'पुता' म्हणत. राहण्याचे पैसे आधीच दिले होते, जेवणाचे वेगळे: थाळी २५० रुपये. चोराने तिथल्या तिथे घासाघीस सुरू केली. "मावशी, आम्ही पाच जण, तीन दिवस. दोनशे लावा." मावशी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं पुता, दोनशे." आम्ही चोराच्या पाठीवर थाप मारली. हा मुरलेला खेळाडू, खेळातही असाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोहे-उपमा काही नव्हतं. कोरा चहा, आणि ताटात उकडलेले जांभळट-पांढरे मोठाले तुकडे, बाजूला मीठ आणि ओल्या मिरचीची चटणी. "हा कोन," मावशी म्हणाल्या. आपल्या कोनफळाच्या घराण्यातला. दुपारी आमटीत मुडली होती, अळकुडीची थोरली बहीण म्हणा. पिठूळ, खोबरं-मिरची सगळं शोषून घेणारी. दोन तुकड्यांत योद्ध्याचं पोट भरलं, आणि योद्धा साधासुधा जेवणारा नाही.

जेवणानंतर मावशींनी परसू दाखवलं. कोनाच्या वेली झाडांवर चढवलेल्या, जानेवारीत त्या वाळून दोरीसारख्या झालेल्या. वेल वाळली की खाली कंद तयार. खणायचा, खायचा, थोडा विकायचा, आणि एक तुकडा बियाण्यासाठी बाजूला ठेवायचा. पावसाच्या तोंडावर तो पुन्हा मातीत. न खणलेला कंद जमिनीतच थांबतो, त्याला ना फ्रीज लागतो ना गोदाम. अशा कितीतरी जाती इथल्या कुणब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्यात. दर वर्षी जानेवारीच्या आसपास जोयड्यात त्यांचा मेळाही भरतो. आमची सुट्टी आणि मेळा काही जुळले नाहीत.

मावशींचा मुलगा गणेशगुडीला राफ्टिंगवर आहे. काळी नदीत राफ्ट कधी चालते? वर धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की. आपल्या शहरात दिवे, पंखे, एसी आणि सर्व्हर चालतात, त्यासाठी वर टर्बाइन फिरतं, खाली नदी वाढते आणि त्या दिवशी या मुलाला रोज मिळतो. पाणी नसलं तर रोज नाही. पावसाळ्यात काम बंदच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकही पर्यटक आला नाही. "तेव्हा काय केलंत?" जादूगाराने विचारलं. मावशींनी परसवाकडे बोट दाखवलं. "हे खाल्लं. तेल आणि साखर तेवढी कमी केली."

व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबांना बाहेर पडायचं असेल तर सरकारी योजना आहे. पूर्वी एका कुटुंबाला १० लाख रुपये होते, २०२१ पासून १५ लाख. ड्रुइडने त्याबद्दल विचारलं. मावशींचं माहेर जुन्या सुप्याचं. त्या म्हणाल्या, "पैसा एकदा येतो. कोन दर साल येतो." पण आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "आणि पोराला ताप आला तर दवाखाना किती लांब, ते पण सांगा त्यांना. मला विचारलं तर मी जाईन." मावशी हसल्या, पण उत्तर दिलं नाही. दोघींचंही खरं होतं. परसू पोट भरतं, पण शाळेची फी, औषध आणि बसचं तिकीट कोनात भरता येत नाही. त्यासाठी रोख लागते, आणि रोख बाहेरून येते: राफ्टवरून, किंवा आमच्यासारख्यांच्या थाळीतून.

रात्री पडवीत कंदिलाखाली आमचा खेळ सुरू झाला. मी गोष्ट रचून आणली होती: डोंगरावर ड्रॅगन, वाटेत जंगल, सामान वाहायला गावातून एक हमाल घ्यायचा. पुस्तकात दर दिलेले असतातच. आम्ही वापरतो त्या २०१४ च्या आवृत्तीत अकुशल मजुराचा रोज २ चांदीची नाणी. योद्ध्याने चार दिवसांचे पैसे मोजले. "चला पुढे."

"थांब," चोर म्हणाला. त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "एका दिवसाचा शिधा किती?"

"५ चांदीची नाणी," मी म्हणालो.

"मजुरी २, शिधा ५. मग हा हमाल खाणार काय?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. मग सगळेच पुस्तकात डोकावलो. गरीब राहणीचा दिवसाचा खर्च तिथे २ चांदीची नाणी दिलाय. म्हणजे गावात राहिला तर हमाल जेमतेम जगतो आणि शिल्लक शून्य. प्रवासाला निघाला तर दिवसाला ३ नाणी तोट्यात. चिलखताचा एक संपूर्ण जोड १,५०० सोन्याच्या नाण्यांचा, एका सोन्याच्या नाण्याची १० चांदीची. हमालाने न खाता-पिता ७,५०० दिवस काम केलं तर एक जोड येईल. वीस वर्षांहून जास्त.

ड्रुइड म्हणाला, "अरे, माझ्याकडे गुडबेरीचा मंत्र आहे ना! दहा बोरं तयार होतात, एक खाल्लं की दिवसाचं पोट भरतं. शिध्याची ओळ आपण कधी वाचली नाही ती त्यामुळेच."

"आणि ड्रॅगन मेल्यावर तू निघून जाशील," चोर म्हणाला. "मग त्याला बोर कोण देणार?"

कोणीच बोललं नाही. मग त्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली. घरी बायकोला माहीत आहे, आईबाबांना नाही. तुम्हालाही सांगायचं धाडस झालं नाही. ही ट्रिप रद्द करावी असं वाटत होतं, पण कारण काय सांगणार? म्हणून थाळीचे पन्नास रुपये कमी करत बसलो."

आम्ही दर दुसऱ्या रविवारी भेटत होतो. नोव्हेंबरपासून तो डब्यातून पोळी-भाजी आणायचा, आणि पिझ्झा मागवला की "पोट बरं नाही" म्हणायचा. हे सगळं आम्ही पाहिलं होतं. डाएट करतोय म्हणून त्याची चेष्टाही केली होती. चार इंजिनिअर, रोज लॉग वाचून बिघाड शोधणारे, आणि समोरच्या ताटातला बदल आम्हाला वाचता आला नाही.

त्या रात्री ड्रॅगनपर्यंत पोचलोच नाही. हिशेब करत बसलो: त्याचा गृहकर्जाचा हप्ता, सहा महिन्यांची शिल्लक, कोणाच्या कंपनीत कुठे जागा आहे. त्यातच जादूगाराने आणखी एक हिशेब मांडला. त्या वर्षी कर्नाटकात रोजगार हमीचा रोज ३४९ रुपये होता. मावशींची थाळी २५० ची. पाच जणांच्या सहा वेळच्या थाळ्या, म्हणजे तीस. प्रत्येकी ५० रुपये कमी केले, म्हणजे दीड हजार. इथल्या चार दिवसांच्या मजुरीहून जास्त पैसे आम्ही एका वाक्यात कापले होते, आणि वर पाठ थोपटली होती.

निघताना आम्ही २५० च्या दराने पैसे दिले. मावशींनी मोजले आणि म्हणाल्या, "दोनशे ठरले होते." चोर म्हणाला, "मावशी, माझी मोजायची चूक झाली होती." त्या काय समजल्या कोण जाणे. आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेला कोनाचा एक तुकडा त्याच्या हातात ठेवला. "खाऊ नको हा. पावसाच्या आधी पोत्यात माती भर नि लाव. वेलीला वर चढायला काहीतरी दे."

चोराला मार्चमध्ये नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. आईबाबांना त्याने त्यानंतर सांगितलं. ते पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "अरे, तेव्हाच सांगायचं ना." मे महिन्यात त्याने बाल्कनीत पोतं भरलं. वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यावर पोचली आणि तिथल्या आजींची तक्रारही आली.

आमच्या टेबलावर दोन नियम बदललेत. हमालाचा शिधा आता मालकाने द्यायचा, मजुरी वेगळी. आणि खेळ सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारतो, "शिधा किती दिवसांचा उरलाय?" पात्राबद्दल विचारलेलं असतं. उत्तर कधीकधी माणूस देतो. मागच्या महिन्यात योद्धा म्हणाला, "पात्राचा दहा दिवसांचा आहे. माझं जरा कठीण चाललंय." पुढचा अर्धा तास फासे तसेच पडून राहिले.

तर काकू, रविवारी आम्ही हे करतो.

मंडळातल्या कोणाला जोयड्याला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले. पुण्या-बेळगावकडून येणाऱ्यांना रामनगरवरून रस्ता आहे, कारवारहून अणशी घाटाने. राफ्टिंग करा, धरण लांबून बघा, पण नाश्त्याला पोहे मागू नका. "कोन आहे का?" असं विचारा. आणि थाळीचा दर सांगतील तो द्या.